दोन मिलिमीटर

दोन्ही कॅमेरे मी ठेवले
केसांचा रंग मोजायच्या काट्यावर.
लाल : एकशे अठरा ग्रॅम.
काळा : दोनशे चौऱ्याण्णव.
हे झालं वजन. बाकीचं तोलायला
माझ्या सलूनमध्ये काटा नाही.

लाल घेतला त्या वर्षी
हाकोदातेत बर्फ उशिरा पडला होता
आणि खुर्च्यांचे हप्ते फेडून
पहिल्यांदाच हातात पैसे उरले होते.
काचेच्या कपाटात तो असा पडलेला,
जशी कुणाची तरी विसरलेली लिपस्टिक.
अंगठ्याने झाकण सरकवलं की
टक्.
त्या एका टक्‌साठी घेतला, खोटं कशाला बोलू.
विक्रेता लेन्सबद्दल काहीतरी सांगत होता,
मी समोरच्या आरशात बघत होते,
हातात तो कसा दिसतो ते.

फोटो?
फोटो यायचे.
दिवेलागणीनंतर सगळ्यांच्या अंगावर पुरळ,
ट्राम ताणलेल्या च्युइंगगमएवढी लांब,
आणि गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस म्हणजे
एकच काळा, मऊ, दाट लेप.
कुणाची तक्रार नव्हती.
साठीच्या माणसाला मागून चाळिशीचं दिसायला
कोण नको म्हणेल?

काळा आणला मोरिओने, माझ्या धाकट्या दिराने.
साप्पोरोत मोठ्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर असतो,
जेवतानाही सेन्सरची मापं बोलतो.
"वहिनी, तो लाल म्हणजे नुसता नट्टापट्टा.
हा बघा."
बघितला.
साबणाच्या वडीला मूठ फुटावी तसा.
एप्रनच्या खिशात जात नाही,
गेला तर निघत नाही.
बटणं इतकी, की म्हटलं
यात भातही शिजत असेल.

पण पहिलाच फोटो काढला
इवाबुचींच्या मानेचा,
आणि मी चष्मा शोधायला गेले.
एकेक केस सुटा.
कानामागे गळ लागल्याची जुनी खूण.
कॉलरवर मीठ.
आणि माझी रेघ,
वस्तऱ्याने मारलेली ती सरळ रेघ
जिच्या जिवावर सव्वीस वर्षं दुकान चाललं,
डावीकडे दोन मिलिमीटर उतरलेली.

रात्री जुने फोटो काढून बसले.
लालमध्ये रेघ नव्हतीच.
केस संपून मान सुरू व्हायची,
जसं धुक्यात बंदर संपून पाणी सुरू होतं.
किती वर्षं?
किती माना?

पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा
पैसे घ्यायच्या आधी फोटो समोर धरला,
कमरेत वाकून माफी मागितली.
इवाबुचींनी कॅमेरा हातभर लांब नेला,
मग नाकाशी आणला.
"डावीकडे उतरतं. माहीत आहे.
बायको होती तेव्हाच म्हणाली होती."
मग बोलला का नाहीत?
"बोटीवर सगळे एकाच रंगाच्या रेनकोटात.
टोपी काढली की मागून
मी तेवढा ओळखू येतो.
आता सरळ करू नका,
पोरं हाक मारायची थांबतील."

मोरिओला फोनवर सांगितलं,
काळा फार छान आहे.
आहेच.
खुर्चीमागे खिळ्याला टांगलेला असतो,
रोज संध्याकाळी माझा हात मलाच दाखवतो,
आणि मी एकेकाची रेघ सरळ करत आणते,
एक सोडून.

सोमवारी दुकान बंद.
लाल कोटाच्या खिशात,
तिथलं अस्तर त्याच्या मापाने झिजलंय.
त्याचाही रंग कोपऱ्यांतून उडालाय,
खालचा पत्रा दिसतो.
धक्क्यावर उभी राहून मी टिपते
लांब पाण्यावर पेटलेल्या स्क्विडच्या बोटी.
प्रत्येक दिव्याचा ओघळ होतो,
कुठली बोट कुणाची, सांगता येत नाही.
शेजारची शाळकरी मुलगी वळून बघते,
बोटींकडे नाही.
"काकू, हा कुठे मिळतो?"
आता नाही मिळत, मी म्हणते,
आणि तिच्यासाठी झाकण एकदा लावते,
एकदा उघडते.
टक्.